भुयारातलं स्वयंपाकघर

"सांगून टाकतो की आता," दादा फोनवर म्हणाला, आणि माझ्या हातातला कप बशीवर इतक्या जोरात टेकला की चहा बोटांवर आला. बोलणं तसं साधंच चाललं होतं. उचगावच्या दुकानातला माळा आवरताना त्याला एक जुना पेनड्राइव्ह सापडला होता आणि त्यात 'भुयार' होतं. 'भुयार' म्हणजे दादानं विसाव्या वर्षी लिहिलेला कॉम्प्युटरवरचा खेळ. त्यात चित्र नाही, आवाज नाही, नुसती वाक्यं. ती वाचायची आणि आपण काय करणार ते खाली टाइप करायचं. त्या खेळाचं शेवटचं दार मला तीस वर्षांत उघडता आलेलं नाही, आणि ते कसं उघडतं हे दादानं मला तीस वर्षांत सांगितलेलं नाही. "हरलो म्हण, मग सांगतो," ही त्याची अट. मी ते कधीच म्हटलं नाही. माझ्या लग्नात कानपिळीला अभिरामचा कान पिळता पिळता हा माणूस माझ्याकडे वाकून पुटपुटला होता, "अजून वेळ गेली न्हाई, हरलो म्हण." भटजीही हसले होते. आणि तोच माणूस आज न मागता म्हणतो, सांगून टाकतो की आता. चहापेक्षा तो 'आता' जास्त भाजला.

"आता म्हंजे?" मी विचारलं.

"म्हंजे किती तरास करून घेणार गं उगीच. तुला ते वाचायचं म्हंजे…"

"सांगू नकोस."

"बरं बरं. न्हाई सांगत. तू चिडू नको, भैरवी."

भैरवी! जन्मभर मी त्याची भैरी होते. भैरे, माठ, म्हशे, जे तोंडाला येईल ते. डोळे गेल्यापासून मी भैरवी झाले. आवाजही बदलला त्याचा, दवाखान्यात कॉटशेजारच्या स्टुलावर बसून बोलावं तसा. पाच वर्षांपूर्वी काचबिंदूनं माझी नजर कडेकडेनं खात आणली आणि शेवटी मधलं नाण्याएवढं भोकही बुजवलं. आता खिडकी कुठे आहे एवढं कळतं, दुपारी. त्याचं मी एकदा काय ते रडून घेतलं. शाळेत अजून गणित शिकवते, फळा पोरं लिहितात, चूक मी काढते. पण दादानं माझ्याशी भांडणं सोडलं, हे मला सोसत नाही. हे कुणाला सांगणार? भावानं चांगलं वागू नये अशी तक्रार घेऊन कुणाच्या दारात जावं?

आणि एकटा दादाच असं करतो असंही नाही. माझ्यापर्यंत जग आता सारांशानंच येतं. अभिराम भला माणूस आहे, रोज सकाळी पेपर वाचून दाखवतो, पण वाचता वाचता मध्येच थांबतो आणि म्हणतो, "बाकी विशेष काही नाही." ते विशेष काही नसलेलं मला हवं असतं. लग्नपत्रिका आली तर नाव, तारीख, हॉल. कुलदैवत कोण, निमंत्रकांत कुणाचं नाव गाळलं, कुणाच्या नावापुढे कैलासवासी लागलं, ते सगळं त्याच्या डोळ्यांत जातं आणि तिथंच राहतं. शेजारच्या शालूबाई भाजीवाल्याच्या पाटीवर काय लिहिलंय ते सांगतात आणि वर म्हणतात, "तुमाला काय करायचंय त्ये." मला करायचंय! मी चाळीस वर्षं औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा वाचत आलेली बाई आहे. कुणीतरी चाळून दिलेलं पीठ मी किती दिवस खाऊ?

म्हणून मी पेनड्राइव्ह मागवून घेतला. दुसऱ्या दिवशी अभिराम उचगाववरून येताना घेऊन आला आणि म्हणाला, "मी वाचून दाखवतो ना, तू फक्त काय टाइप करायचं ते सांग." मी नको म्हणाले. मी मनाशी ठरवून टाकलं की हे दार मी उघडीन, मी एकटी उघडीन, आणि नाहीच उघडलं तर दादाला सरळ फोन करून हरलो म्हणेन. दयेनं मिळालेलं उत्तर घेणार नाही. मे महिन्याची सुट्टी होती. दुपारी जेवून अभिराम "येतो गं" म्हणून ऑफिसला परत गेला, जिन्यावर त्याच्या चपला वाजल्या, आणि मी लॅपटॉप उघडला.

माझा लॅपटॉप बोलतो. पडद्यावर जे अक्षर असेल ते वाचतो, मी बाण दाबीन तशी ओळ, हवं तर एकेक अक्षर. दादाचा खेळ इतका जुना की आजच्या मशिनवर तो सरळ चालतच नाही. त्यासाठी जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेणारा एक प्रोग्रॅम मिळतो, त्याच्या पोटात तो चालवायचा. तो मी उतरवून घेतला, त्याला सूचना लिहून दिल्या, सुरू केला. पंखा घुरघुरला, म्हणजे आत काहीतरी चाललं होतं. मी खालचा बाण दाबला. "रिकामं," लॅपटॉप म्हणाला. पुन्हा दाबला. "रिकामं." वर गेले, खाली गेले. रिकामं, रिकामं. मला माहीत होतं की समोर पंचवीस ओळी भरून मजकूर आहे, त्यातल्या पहिल्या दोन मला तोंडपाठ होत्या, आणि हा शहाणा मला सांगत होता की काही नाही. बाकी विशेष काही नाही! मी झाकण आपटलं. मग उठून पाणी प्यायले आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. खाली शाहूपुरीच्या तिसऱ्या गल्लीत कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं आणि दुसरा कुणीतरी त्याला "येऊ दे, येऊ दे, येऊ दे" म्हणून ओरडत होता, अगदी "बास!" होईपर्यंत.

ह्याच शाहूपुरीत, इथून दोन गल्ल्या पलीकडे, तेव्हा तो क्लास होता. सहा कॉम्प्युटर आणि एक एसी. चपला बाहेर काढायच्या, पाय पुसायचे, मगच आत. देवळात कुणी एवढं सोवळं पाळत नसेल. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणायचे. थंडगार फरशीवर अनवाणी पायांची बोटं आखडून आम्ही बसायचो आणि काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची. दादा तिथं शिकता शिकता शिकवायलाही लागला होता. मी बारावीत. गिऱ्हाईक नसेल तेव्हा तो मला मशीन द्यायचा, आणि एके दिवशी म्हणाला, "बस. भुयारातनं बाहेर येऊन दाखव." खेळ असा, की तू पन्हाळ्यावर एका भुयारात पडलीस आणि आतल्या आत कोल्हापूर गाठायचंय. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेली, मशीनला दुसरी येतच नव्हती. प्रत्येक वेळी खाली विचारायचा, "आता काय?" आपण लिहायचं, 'कंदील घे', 'खाली उतर'. भलतं काही लिहिलं की उत्तर यायचं, "कळ्ळं न्हाई." सगळा दादाचा आवाज. वाटेत वटवाघळं होती, पाण्याचं टाकं होतं, तालमीच्या तांबड्या मातीत एक पैलवान आडवा पडला होता, तो दूध दिल्याशिवाय हलायचा नाही, आणि दूध आणायला मागे म्हशीच्या गोठ्यापर्यंत जावं लागायचं. मी चार दिवसांत पैलवान हलवला. त्यापुढचा जिना चढलं की एकदम आमचं स्वयंपाकघर. आमचंच, फडताळ, पितळेचे डबे, स्टो. तिथून बाहेरचं दार उघडून गल्लीत आलं की सुटका. आणि ते दार उघडायचं नाही. 'दार उघड.' उघडत न्हाई. 'धक्का दे.' उघडत न्हाई. 'जा.' 'बाहेर जा.' 'किल्ली लाव.' 'लाथ मार.' उघडत न्हाई, उघडत न्हाई. दादा मागे उभा राहून शेंगदाणे खायचा आणि हसायचा. दोन वर्षांनी क्लास बंद पडला, दादा दुकान टाकून पंपांच्या मोटारी वाइंड करायला लागला, मी कॉलेज संपवून बी.एड.ला गेले. नंतर मी चाळिशीपर्यंत कुठल्या ना कुठल्या मशीनवर ते दार ढकलून पाहिलं. प्रत्येक वेळी तेच.

तिसऱ्या दिवशी मला वाट सापडली. दृष्टी नसलेल्या खेळाडूंची एक मेलिंग लिस्ट आहे, जगभरची माणसं, सगळी ह्या नुसत्या शब्दांच्या जुन्या खेळांच्या नादी लागलेली. आमच्यासारख्यांना हे खेळ म्हणजे मेजवानीच, पाहायचं काही नसतंच त्यात. मी माझं रडगाणं लिहिलं. कुणा पोर्तुगीज म्हाताऱ्याचं तासाभरात उत्तर आलं. ते सोंग घेणारं मशीन अक्षरं पडद्यावर चित्रासारखी रंगवतं, चित्र वाचता येत नाही, तेव्हा मशिनचं सोंगच नको. खेळाचा मूळ मजकूर, म्हणजे त्याची लिस्टिंग, साध्या अक्षरांत बाहेर काढ आणि नुसत्या ओळी छापणाऱ्या आजच्या प्रोग्रॅमवर चालव. एवढंच. पण दादाची फाइल जुन्या पद्धतीनं आवळून ठेवलेली होती, आणि ती साध्या अक्षरांत सोडवायची तर पुन्हा त्या मुक्या खिडकीतच शिरून दोन आज्ञा द्यायला हव्या होत्या. न ऐकता, न पाहता. चुकलं तरी कळणार नाही. मी खिडकी उघडली, पंखा घुरघुरला, मी बोटं ठेवली. आणि काय सांगू, बोटांना येत होतं! मला आठवत नव्हतं, बोटांना आठवत होतं. 'लोड', अवतरणचिन्ह, नाव, एंटर. 'सेव्ह', अवतरणचिन्ह, नवीन नाव, अवतरणचिन्ह, स्वल्पविराम, ए, एंटर. तो शेवटचा 'ए' दादानं मला टपली मारून शिकवला होता, "ए विसरलीस की बोंबललं." बाहेर पडायची आज्ञा दिली, खिडकी मिटली, फोल्डर उघडलं, आणि लॅपटॉपनं नवीन फाइलचं नाव वाचलं. मी एकटीच खोलीत मोठ्यानं "हात्तिच्या!" म्हणाले. डोळे असतानाही मी हे काम न चुकता केलं असतं की नाही देव जाणे.

आता माझ्यापुढे दादाचं सगळं डोकं साध्या अक्षरांत पडलेलं होतं, आणि त्यात ते उत्तरही. खालचा बाण दाबत गेले असते तर पाच मिनिटांत दाराशी पोचले असते. बोट त्या बाणावर होतंच. मी गणिताची मास्तरीण आहे, मागच्या पानावरचं उत्तर बघून गणित करणाऱ्या पोरांचे कान मी पंचवीस वर्षं धरत आले. पण खरं सांगते, मोह झाला. कुणाला कळणार होतं? मग मनात आलं की दादाला नक्की हेच वाटेल, बिचारीनं बघितलं असेल, बघू दे. ह्या विचारानं असा काही संताप आला की बोट आपोआप उचललं गेलं. मजकूर न वाचता मी नुसतं शोधा-आणि-बदला केलं. पडदा पुसण्याच्या जेवढ्या आज्ञा होत्या त्या निकामी केल्या, कारण पुसलेलं मला ऐकता येत नाही. प्रत्येक खोलीभोवती दादानं चांदण्यांची नक्षी काढली होती, ती लॅपटॉप "स्टार, स्टार, स्टार" म्हणून चाळीसदा वाचणार, म्हणून ती सगळी उडवली. दादा एका ओळीत एकच काम लिहायचा, त्यामुळे बाकीचं कुठं मोडलं नाही. "सत्तेचाळीस बदल केले," लॅपटॉप म्हणाला. मी फाइल बंद केली, हात पुसले आणि खेळ सुरू केला.

आणि तो बोलला! इंग्रजी अक्षरांतली मराठी माझ्या लॅपटॉपचा इंग्रजी आवाज वाचायला लागला, तोंडात गरम भजं धरून कुणी साहेब बोलावा तसा. "तुझ्यासमोर दगड आहे" हे वाक्य मी तीन वेळा ऐकलं आणि तिन्ही वेळा दगड वेगळा होता. हसून हसून मुरकुंडी वळली. शब्द कळेनात तसे मी एकेक अक्षर वाचत गेले, टी, यू, जे, एच… प्रत्येक ओळ अशी, कोंबडी दाणे टिपते तशी. एका खोलीला दहा मिनिटं. पण काय काय होतं त्यात! टाक्यातल्या पाण्याला तुरटीचा वास होता. पैलवानाच्या लंगोटाचा रंग लिहिलेला होता. गोठ्यातल्या एका म्हशीचं नाव 'भैरी' होतं, आणि हे मला तीस वर्षांत माहीत नव्हतं. मी कंदील घेतला, दूध काढलं, पैलवान हलवला. जिना चढले. बाहेर ऊन उतरायला लागलं असावं, खिडकीचा करडा चौकोन मंद झाला होता.

स्वयंपाकघर. पहिल्या दोन ओळी मला पाठ होत्या, फडताळ आणि डबे. बाण दाबून मी पुढे गेले, कारण आता पुढे जायला दुसरा मार्गच नव्हता, ओळीमागून ओळ. स्टोवर आधण आहे. दाराशी चपलांचे तीन जोड आहेत. मग ती ओळ आली. साहेबानं ती अशी काही चावली की मला काहीच कळलं नाही. मी मागे गेले आणि अक्षरं लावली. ए, ए, आय. आई. 'आई पाठमोरी पोळ्या लाटते आहे. न वळता विचारते, निघालीस व्हय गं?'

मी खुर्चीत मागे टेकले. ही ओळ तिथं होती. नेहमीच होती. माझे डोळे धडधाकट असताना, हिरव्या अक्षरांत, दहा ओळींच्या मध्ये पाचवी, शेकडो वेळा माझ्या समोर उमटली होती, आणि मी वरच्या दोन ओळी बघून 'अरे, हे तर आपलं स्वयंपाकघर' म्हणून थेट तळाला 'आता काय?' कडे धावत होते. बाकी विशेष काही नाही! अभिरामला मी काय बोलते, शालूबाईंवर काय चिडते. मी माझ्या आईला फडताळात धरलं होतं, डब्यांच्या रांगेत. तिला जाऊन बारा वर्षं झाली. रोज सकाळी ती अशीच पाठमोरी, हातात लाटणं, न वळता विचारायची, आणि घाईत तोंडातून 'जातो' गेलं की झालं! "जातो म्हणायचं न्हाई" म्हणून परत बोलवायची, पाटावर टेकवायची, घोटभर पाणी पाजायची, आणि योग्य ते उत्तर ऐकल्याशिवाय दाराची कडी काढू द्यायची नाही. माझी बस चुकायची, दादाची शाळा बुडायची. चाळिशीपर्यंत मी त्या दाराला धक्के दिले, लाथा मारल्या, किल्ल्या लावल्या, 'जा' 'जा' लिहिलं, आणि ती मागून विचारत होती. डोळ्यांतून पाणी आलं. ते एक काम डोळे अजून करतात. मी ते पुसलं नाही, कळफलक चाचपला आणि चार इंग्रजी अक्षरं टाइप केली. आमच्याकडे बायकाही असंच म्हणतात. 'येतो.' एंटर.

मग साहेब बोलला, आणि मी अक्षर अक्षर लावत गेले. 'ये लवकर. दार उघडलं. तू गल्लीत आलीस. भैरी सुटली.'

भैरी सुटली. खेळ कुणाला नाव विचारतच नव्हता, तो माझ्याच नावानं लिहिलेला होता. मी टाळी वाजवली, खुर्ची सरकवून उभी राहिले, आणि अठ्ठेचाळीस वर्षांची मी त्या खोलीत स्वतःभोवती एक गिरकी घेतली. गुडघा टेबलावर आपटला, आपटू दे. मग फोनला म्हटलं, दादाला लाव.

"दादा, दार उघडलं."

"कुठलं?" मागे कुठली तरी मोटार घुमत होती.

"तुझ्या भुयाराचं."

मोटार बंद झाली. "लिस्टिंग वाचलीस तू."

"न्हाई वाचली."

"वाचलीसच! तीस वर्षं जमलं न्हाई आणि आजच बरं जमलं? फसवलंस भैरे! लबाड हैस तू, पयल्यापास्नं लबाड हैस! पत्त्यातसुदिक पानं बघायचीस माझी!" तो असा ओरडत होता की दुकानातलं गिऱ्हाईक "काय झालं ओ?" म्हणाल्याचं मला इकडे ऐकू आलं. मी फोन कानाला घट्ट दाबून धरला. इतकं छान कुणी माझ्याशी पाच वर्षांत बोललं नव्हतं.

"आईशपथ, दादा. वाचलेली न्हाई. साफसफाई केली नुसती, डोळे झाकून."

हे ऐकून तो खुदकन हसला. डोळे गेल्यापासून माझ्या डोळ्यांवर तो पहिल्यांदाच हसला. "मग सुटलीस कशी?"

"आईनं विचारलं, निघालीस व्हय गं. मी येतो म्हटलं."

तिकडे काहीतरी लोखंडी खाली ठेवल्याचा आवाज आला. "पयल्या दिवशी सुटशील म्हणून सोपं ठेवलं होतं मी," तो म्हणाला. "तुला रोज अडवायची की ती. मला वाटलं, ही पोरगी वाचती तरी काय?"

"आता वाचती. हरलो म्हण."

"मी? मी कशापायी?"

"दादा. हरलो म्हण."

"हरलो!" तो गरजला, आणि ते गिऱ्हाईक पुन्हा काहीतरी म्हणालं. "हरलो, हरलो, हरलो! झालं समाधान? पर थांब, एवढ्यात नाचू नको. दुसरा लिहितो. ह्या टायमाला सोपं ठेवणार न्हाई, म्हशे."

"लिही की. पण पडदा पुसायचा न्हाई. आणि चांदण्या लावायच्या न्हाईत, मला त्या मोजत बसाव्या लागतात."

"थांब, लिवून घेतो. पडदा न्हाई, चांदण्या न्हाई. आणि?"

"आणि मी कितीही विचारलं तरी उत्तर सांगायचं न्हाई."

"मेलो तरी न्हाई," दादा म्हणाला.